मेडिकलला नंबर लागला, आता कॉलेजात काय बघाल?

नमस्कार, श्रोतेहो.

मेडिकलचे प्रवेश सुरू झाले की आमच्या शरीररचनाशास्त्र विभागात पालकांची ये-जा वाढते. कुणी चोपड्याहून येतं, कुणी साक्रीहून, कुणी शहाद्याहून. होस्टेलला पाणी आहे का, मेस कशी आहे, इमारत नवी की जुनी, हे सगळे विचारतात. पोराला अभ्यासाला काय मिळणार, हे विचारणारा विरळाच.

खान्देशात धुळ्याचं सरकारी मेडिकल कॉलेज १९८८ पासूनचं. जळगावला ते २०१८ मध्ये आलं, नंदुरबारला २०२० मध्ये. तिन्ही नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाशी संलग्न, त्यामुळे पेपर सगळ्यांना तोच. मग बघायच्या त्या अभ्यासाच्या सोयी.

आधी अभ्यासिका रात्री किती वाजेपर्यंत उघडी असते ते विचारा. एप्रिल-मेमध्ये पारा चव्वेचाळीसवर गेला की स्लॅबच्या खोलीत पुस्तक उघडवत नाही. कूलर असलेली अभ्यासिका तेव्हा चैन राहत नाही. लायब्ररीत पुस्तकांच्या आवृत्त्याही चाळून बघा. शरीररचनेचं जुनं पुस्तक चालून जातं. औषधशास्त्राचं नाही, कारण उपचार बदलत राहतात. शोधनिबंध हवे असतील तर पबमेड सेंट्रल या वेबसाइटवर बरेचसे फुकट वाचता येतात, मोबाइल पुरे.

स्किल लॅबही बघा. छाती दाबून हृदय पुन्हा सुरू करायचा सराव तिथे पुतळ्यावर होतो: मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल. दोन मिनिटांत चांगल्या दांडग्या पोरालाही घाम फुटतो. पुतळा कपाटात कुलूपबंद आहे की रोज हाताळला जातो, हे त्याच्या छातीवरच्या कळकट डागांवरून ओळखा!

आता डिसेक्शन हॉल, म्हणजे मृतदेहावर शरीररचना शिकायची जागा. थ्रीडी स्क्रीन आल्या, चांगलंच झालं. पण स्क्रीनवर धमनी लाल, शीर निळी, मज्जातंतू पिवळा असतो. फॉर्मेलिन या द्रावणात टिकवलेल्या देहात बहुतेक सगळं एकाच मातकट रंगाचं, चरबीत गुंतलेलं. चिमट्यानं, बोटानं हळूहळू सोडवत जावं लागतं आणि काखेतलं मज्जातंतूंचं जाळं मोकळं करताना अख्खी दुपार जाते. पुढे ऑपरेशन थिएटरात हाच हात लागतो. माझ्या मते याला पर्याय नाही, आणि ही एकच सोय सरकारला खरेदी करता येत नाही. बेवारस मृतदेह १९४९ च्या कायद्यानुसार मिळू शकतात, पण खरा भरवसा देहदानावरच.

म्हणून हे थोडं तुमच्याकडेही येतं. अर्ज जवळच्या मेडिकल कॉलेजच्या शरीररचना विभागात मिळतो. मृत्यूनंतर नातेवाइकांनी विभागाला लगेच कळवायचं. उन्हाळ्यात तर उशीर नकोच. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला सोबत लागतो. शवविच्छेदन झालेला देह सहसा घेता येत नाही. नेत्रदान केलं असेल तरी देहदान होऊ शकतं.

अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. वडिलांनी अर्ज भरून कपाटात ठेवलेला असतो आणि घरात कुणाला पत्ताच नसतो. किंवा मुलगा तयार असतो, पण गावाहून आलेले काका अडून बसतात. घरच्यांची तयारी नसेल तर नुसत्या अर्जाच्या जोरावर कॉलेज देह नेत नाही. तेव्हा सही करायला याल त्या दिवशी मुलगा-सून, जमलंच तर ते काकाही, सोबत आणा. शंका असतील त्या तिथेच विचारून घ्या, चहा आमच्याकडून.

नमस्कार.