शंभर किलोच्या पुढचा स्वार आणि सड्यावरची सायकल

श्रोतेहो, नमस्कार.

शंभर किलोच्या पुढचा माणूस सायकलच्या दुकानात शिरला, की त्याला उंची विचारतात, बजेट विचारतात, रंग विचारतात. वजन मात्र कुणी विचारत नाही. विकणाऱ्याला संकोच वाटतो आणि घेणाऱ्याला त्याहून जास्त. पुढेमागे दोन्हीकडे शॉकअप असलेली सायकल, म्हणजे फुल सस्पेन्शन घ्यायची, तर नेमका हाच आकडा आधी सांगायला हवा. माझं स्वतःचं वजन शंभरीच्या पलीकडे आहे. त्यामुळे आजचं बोलणं माझ्यासारख्यांसाठी आहे, आणि ते अगदी मनापासून आहे.

अशी सायकल लागते कुणाला? रत्नागिरीहून आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला जाऊन यायचं असेल, तर मुळीच लागत नाही. पण राजापूर-देवगडकडच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर फिरायचं असेल, पाणंदीतून, दगडगोट्यांच्या गाडीवाटेने खाली वाडीत उतरायचं असेल, तर गोष्ट वेगळी. जांभ्याचा कातळ दिसायला सपाट वाटतो, पण त्याला भोकं असतात, धारदार कडा असतात, आणि प्रत्येक कड मागच्या चाकावर आपटते. स्वार जितका जड, तितका तो दणका चाकाला, कमरेला आणि मनगटांना जास्त. म्हणून मागच्या शॉकअपचा फायदा हलक्या माणसापेक्षा आपल्याला अधिक होतो, असं माझं ठाम मत आहे.

सड्याचा विषय निघालाच आहे, तर एक विनंती. बारसू, देवाचे गोठणे, उक्षी, कशेळी इथली कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्या चित्रांवरून चाक नेऊ नका. जिथे चिऱ्यांचं कुंपण नाही, तिथेही सायकल लांब उभी करून चालत जा.

आता पैशांचं. बाजारात स्वस्तातली ‘डबल शॉकर’ मिळते. मागे एक जाड स्प्रिंग असते, पण तिला आवर घालणारं तेल किंवा व्हॉल्व्ह आत काही नसतं. वजनदार माणूस बसला की ती आधीच निम्मी दबते, चढावर प्रत्येक पायडलला डोलते आणि उतारावर उलट उसळी मारते. ती घेऊ नका. कामाची फुल सस्पेन्शन लाखाच्या वरच जाते. तेवढे पैसे नसतील, तर असतील त्या पैशात फक्त पुढे चांगला फोर्क, म्हणजे पुढचा शॉकअप असलेली हार्डटेल घ्या आणि टायर रुंद बसवा. ती तुम्हाला वर्षानुवर्षं साथ देईल.

दुकानात जाण्याआधी घरी एक बेरीज करा. अंगावरच्या कपड्यांसकट, बूट-हेल्मेटसकट स्वतःचं वजन, त्यात पाठीवरची पिशवी, पाणी आणि हत्यारं, आणि त्यात सायकलचं वजन, जे साधारण १५ किलो धरा. माणूस १०८ किलोचा असेल तर बेरीज १२७-१२८ वर जाते. बऱ्याच कंपन्या माउंटन बाइकला १३६ किलोची, म्हणजे ३०० पौंडांची मर्यादा देतात, काही त्याहून कमी देतात. ही मर्यादा कुठे नुसत्या स्वाराची असते, तर कुठे स्वार, सायकल आणि सामान मिळून असते. पुस्तिकेतलं ते वाक्य स्वतः वाचा. चाकांची आणि सीटपोस्टची, म्हणजे सीटखालच्या दांड्याची मर्यादा वेगळी लिहिलेली असू शकते. तीही बघा.

यानंतर सगळ्यात महत्त्वाचा भाग, मागचा शॉक. बहुतेक चांगल्या सायकलींत तो हवेचा असतो. छोट्या शॉकपंपाने आपल्या वजनाप्रमाणे हवा भरायची. मात्र त्याच्या अंगावर कमाल दाब लिहिलेला असतो, ३२५ किंवा ३५० पीएसआय असा. जड माणसाची अडचण अशी, की सायकल त्याला योग्य उंचीवर धरेपर्यंत हा कमाल आकडा येऊन ठेपतो आणि पुढे हवा भरायला जागाच उरत नाही. हे कुठल्या सायकलीत होईल, ते आधी ओळखता येतं. मागचं चाक एकूण किती मिलिमीटर वर जातं, म्हणजे त्याचा ट्रॅव्हल, त्याला शॉक किती मिलिमीटर दबतो त्याने भागा. १३० मिलिमीटर ट्रॅव्हलला ४५ मिलिमीटरचा शॉक असेल, तर गुणोत्तर येतं २.९ च्या आसपास. तेवढ्याच ट्रॅव्हलला ५५ चा शॉक असेल, तर २.४ च्या आत. मागच्या चाकावर ८० किलो भार आला, तर पहिल्या सायकलीत शॉकला सरासरी २३० किलोचा रेटा सोसावा लागतो, दुसरीत १९० चा. आपल्याला दुसरी हवी. विक्रेत्याला हे दोन आकडे ठाऊक नसतील, तर कंपनीच्या माहितीपत्रकात असतात.

बसून बघणं तर हवंच. शॉकच्या चकचकीत दांड्यावर एक काळी रबरी रिंग असते. पूर्ण तयारीनिशी, भरलेल्या पिशवीसकट, भिंतीला हात टेकवून सायकलवर बसा. रिंग सरकवून सीलला, म्हणजे दांडा आत शिरतो तिथल्या रबराला लावा. मग न उसळता, अलगद खाली उतरा. रिंग दांड्यावर जिथे राहिली, तिथपर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. ५५ च्या शॉकला ते साडेसोळा मिलिमीटर, म्हणजे ३० टक्के, किंवा थोडं कमी यायला हवं. याला सॅग म्हणतात. पुढच्या फोर्कला १५ ते २० टक्के पुरे. सॅग जास्त आला, तर थोडी हवा भरा आणि पुन्हा बसा. हे दुकानातच करून घ्या, आणि आकडा जुळला तेव्हा दाब कमाल मर्यादेच्या किती खाली आहे ते पाहा. अगदी टोकाला असेल, तर ती सायकल सोडून द्या. मागे स्प्रिंगवाला कॉइल शॉक असेल, तर तुमच्या वजनाची स्प्रिंग बदलून मिळते का, हे बिल करण्याआधी विचारा.

एक बारकावा पुष्कळदा राहून जातो. हवा जास्त भरली, की शॉक तितक्याच जोराने परत उसळतो. त्याला आवरणारा रिबाउंडचा स्क्रू जड स्वाराला जास्त आवळावा लागतो. तो पूर्ण आवळूनही मागचा भाग फेकल्यासारखा वाटत असेल, तर तो शॉक आपल्या वजनाचा नाही.

ब्रेककडे मी शॉकइतकंच लक्ष देतो. ११० किलोचा माणूस १५ किलोच्या सायकलवरून ६०० मीटर उंचीचा घाट हळूहळू, ब्रेक धरत उतरला, तर अडीच लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत नेईल एवढी उष्णता तयार होते. थोडी वारा नेतो, बाकीची सगळी दोन पातळ डिस्कमध्ये. ७० किलोच्या माणसाला हे काम दीडपट सोपं असतं. आंबोली किंवा गगनबावड्याच्या उंचीचा उतार डोळ्यांसमोर आणा. म्हणून हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने चालणारे ब्रेक, चार पिस्टनचे, आणि पुढची डिस्क २०३ मिलिमीटरची घ्या. फोर्कला आणि फ्रेमला केवढी डिस्क चालते, ते मात्र तपासा. पावसात आणि चिखलात धातूमिश्रित, म्हणजे सिंटर्ड पॅड जास्त टिकतात. काही स्वस्त डिस्कवर ‘फक्त रेझिन पॅड’ असं लिहिलेलं असतं, तिथे सिंटर्ड लावू नका. लांब उतारावर ब्रेक सतत घासत ठेवू नका. वळणाआधी घट्ट दाबा, मग सोडा, डिस्कला निवायला वेळ द्या.

चाकं. ३२ स्पोकची. २४ किंवा २८ स्पोकची चाकं हलकी असतात, पण तो हलकेपणा आपल्या कामाचा नाही. एक्सल थ्रू-एक्सलच असावा, म्हणजे आरपार जाऊन आट्यांनी आवळला जाणारा जाड दांडा, खटक्याने सुटणारा बारीक क्विक रिलीज नको. फोर्कच्या नळ्या ३५-३६ मिलिमीटर जाडीच्या असतील तर उत्तम, ३२ च्या नळ्या वळणावर आपल्या वजनाखाली मुरडतात आणि सायकल धरलेल्या रेषेवरून सरकते. टायर २.४ ते २.६ इंच रुंद, जाड बाजूचे आणि ट्यूबलेस. जांभ्याच्या कडा बाजू कापतात. ट्यूबलेसमधलं भोक बुजवणारं द्रव्य आपल्या उकाड्यात लवकर सुकतं, दोन-तीन महिन्यांनी उघडून बघत जा.

कार्बन फ्रेम घेऊन थोडं वजन वाचवण्यासाठी जो पैसा मोजाल, तो चाकं आणि ब्रेकवर घाला. हे मी कुणालाही सांगेन.

किनाऱ्यावरच्या माणसाला आणखी एक शत्रू आहे, खारा वारा. फुल सस्पेन्शनमध्ये मागच्या सांध्यांत बेअरिंग असतात, आणि मीठ तिथेच आधी शिरतं. समुद्राच्या वाळूत ही सायकल घालू नका. फिरून आलात, की गोड्या पाण्याने धुवा, पण जोराच्या पाइपची धार सांध्यांवर आणि शॉकच्या सीलवर मारू नका. पुसून कोरडी करा, साखळीला तेल द्या. जून ते सप्टेंबर सड्यावर शेवाळ धरतं आणि त्याच दिवसांत वर रानफुलं फुलतात. फुलं बघायला सायकल घेऊन जा, पण ठरलेली पायवाट सोडू नका. शॉक आणि फोर्कची आतली सर्व्हिस करणारा जाणता माणूस गावोगाव मिळत नाही. बहुतेकांना त्यासाठी कोल्हापूर, पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. तेव्हा विकत घेतानाच विचारा, सील कुठे मिळतील, काम कोण करेल, किती दिवस लागतील.

नवी सायकल आणल्यावर पहिल्या काही फेऱ्यांत स्पोक बसतात आणि सैल होतात, जड स्वाराखाली लवकर. घरी आल्यावर चाक उचला, शेजारचे दोन-दोन स्पोक बोटांत धरून दाबत पूर्ण फेरी काढा. एखादा ढिला लागला, तर पुढच्या रविवारी सड्यावर चढण्याआधी चाक मेकॅनिककडे न्या.