राणी कुणाच्या हाताला लागेल?

नमस्कार, श्रोतेहो.

आपल्या इंदूरमध्ये रामबाग असो, लोकमान्यनगर असो की राजेंद्रनगर, सुट्टी लागली की घरोघरी कॅरम निघतो. त्याच्या सोंगट्या १९. पांढऱ्या ९, काळ्या ९ आणि लाल राणी एकच. त्या कापडी पिशवीत टाका, नीट कालवा आणि न बघता एक काढा. राणी येण्याची संभाव्यता १९ पैकी १, पांढरी येण्याची १९ पैकी ९. अट एवढीच, की बोटांना फरक कळता कामा नये. राणी जरा जास्त गुळगुळीत असली तर हा हिशेब लागू पडत नाही.

आता समजा, ज्याला राणी मिळेल त्याचा पहिला डाव. मुलं लगेच भांडतात, "मी आधी काढणार!" भिशीच्या चिठ्ठ्या काढताना मोठ्यांनाही वाटतं, मागे राहिलो तर आपला नंबर हुकला. ही भीती अगदी निराधार आहे, आणि ती मुलांच्या मनातून जावी असं मला फार वाटतं.

काढलेली सोंगटी परत टाकायची नाही, असं धरू. दुसऱ्याला राणी मिळायची तर पहिल्याला ती मिळालेली नसावी. त्याची संभाव्यता १८/१९. मग उरलेल्या १८ मधून राणी यावी, म्हणजे १/१८. दोन्हींचा गुणाकार करा. वरचे १८ आणि खालचे १८ कटतात, उरतात १/१९! तिसऱ्याचं करा, दहाव्याचं करा, अगदी शेवटच्याचंही करा, उत्तर तेच. किती सुंदर आहे हे!

मात्र पहिल्याने मूठ उघडली आणि आत पांढरी दिसली, तर दुसऱ्याची संभाव्यता १/१८ होते. पिशवीत काही बदललं नाही, आपल्याला एक गोष्ट कळली, एवढंच.

स्विस गणितज्ञ याकोब बर्नुली यांच्या १७१३ साली छापलेल्या ग्रंथातही असंच एक भांडं आहे, ३००० पांढऱ्या आणि २००० काळ्या खड्यांचं. खडा काढायचा, रंग टिपायचा, परत टाकायचा. असं पुष्कळदा केलं की टिपलेल्या रंगांचं प्रमाण तीनास दोनच्या जवळ राहण्याची खात्री वाढत जाते.

आज संध्याकाळी मुलांना पिशवीतून एकदम दोन सोंगट्या काढायला सांगा. एकाच रंगाच्या येतील की वेगळ्या? आधी अंदाज विचारा. एकूण जोड्या १७१. त्यांत एका रंगाच्या ७२, वेगळ्या रंगांच्या ९९. निकाल वहीत मांडा, आणि दर वेळी दोन्ही सोंगट्या आठवणीने परत पिशवीत टाका.