कांदे का टाकले?

(इंदूरमधल्या एका मराठी मंडळात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मागच्या रांगेत ऐकू येतंय ना? पत्रिकेवर विषय छापलाय, 'बुरशीला काळा रंग कशाला हवा?' त्याकडे येतोच. आधी माझी एक तक्रार आहे. चार वर्षं पोटात ठेवलीय, आज तुम्ही आयते सापडलात.

२०२१ चा मे महिना आठवा. कोविडमधून उठलेल्या माणसांचे नाक-डोळे जायला लागले, ॲम्फोटेरिसिन या बुरशीवरच्या औषधाच्या इंजेक्शनसाठी लोक दारोदार फिरत होते, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच शब्द, ब्लॅक फंगस. माझ्या बहिणीचा फोन आला. "दादा, कांद्याच्या सालीवर काळं दिसतंय, फ्रिजच्या रबरावरही आहे. कांदे फेकले, आता फ्रिजचं काय करू?" माळव्यात राहून पाच किलो कांदे फेकले हो! (हशा)

तिला सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. त्या आजाराची बुरशी, म्युकर, काळी नाहीच. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे धागे जवळजवळ रंगहीन, रुंद फितीसारखे दिसतात. ती रक्तवाहिनीत शिरते, रक्त अडतं, पुढचा भाग मरतो आणि मेलेलं मांस काळं पडतं. काळा पडला तो रोगी, नाव मात्र बुरशीला चिकटलं. कांद्यावरची बुरशी तिसरीच, ॲस्परजिलस नायजर. तिचे बीजाणू काळे, पण धागे बिनरंगाचे. म्हणजे कलप लावलेल्या माणसासारखं, काळं काय ते डोक्यावर. आमच्या खऱ्या काळ्यांच्या पंगतीत तिलाही पान नाही.

मग खऱ्या काळ्या कोण? ज्यांच्या धाग्याच्या भिंतीतच मेलॅनिन असतं त्या. तुमच्या-माझ्या केसांत असतं त्याच जातकुळीचं रंगद्रव्य. राहतात मातीत, कुजक्या लाकडावर, काट्यांवर. हवेतून येऊन धरणाऱ्यांपेक्षा काट्यावर बसून पायात शिरणाऱ्याच जास्त.

आता माझीच फजिती ऐका. नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. खरगोनकडचा एक शेतकरी आला. पायावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी खडबडीत वाढ. काटा लागून किती वर्षं झाली तेही त्याला आठवत नव्हतं. मी ऐटीत चामखीळ ठरवली आणि जाळून टाकली. काही महिन्यांनी तो परत आला, शेजारी आणखी दोन गड्डे घेऊन. म्हणाला, "साब, जलाने से तो ये और फैल गया." मी त्याला समजावलं, असं नसतं. (हशा) असंच असतं! या आजारात नुसतं जाळल्या-खरवडल्याने तो पसरू शकतो, हे पुस्तकात होतं. पुस्तक माझ्या कपाटात होतं. दुसऱ्यांदा खरवडून काचपट्टीवर घेतलं तेव्हाही मी हुशारीने स्वच्छ जागा निवडली आणि काही दिसलं नाही. आमचा लॅबचा जुना माणूस म्हणाला, "डॉक्टरसाहेब, ते काळे ठिपके आहेत ना, तिथलं घ्या." घेतलं, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला, आणि समोर तांब्याच्या पैशांसारख्या गोल, तपकिरी पेशी, मध्ये उभी-आडवी भिंत. क्रोमोब्लास्टोमायकोसिस, म्हणजे काळ्या बुरशीचा कातडीचा आजार. शरीर या पेशी कातडीतून बाहेर ढकलतं, म्हणून त्या ठिपक्यांतच सापडतात. त्याचं अर्धं निदान पायावर लिहिलेलं होतं आणि मी ते पुसून कोरी जागा वाचत बसलो होतो.

याचा एक चुलतभाऊ, मदुरा पाय. पाय सुजतो, भोकं पडतात, त्यातून दाणे येतात. दक्षिणेतल्या मदुरेत, म्हणजे आजच्या मदुराईत, १८४२ मध्ये त्याची नोंद झाली म्हणून हे नाव. हे दाणे प्रत्येक वेळी काळे नसतात आणि कारण दर वेळी बुरशीच असते असंही नाही. पण काळ्या दाण्यांसाठी बहुतेकदा जबाबदार असते ती 'मॅड्युरेला' नावाची बुरशी. हा रोग बुरशीचा, असं १८६० मध्ये मांडलं ते हेन्री वॅन्डाइक कार्टरने. ग्रेच्या शरीरशास्त्राच्या ग्रंथातली चित्रं काढणारा तोच. पुढे तो साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता. साताऱ्याचे कोण आहेत? हां, टाळ्या वाजवायला हरकत नाही.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बघा, तक्रारीनेच वेळ खाल्ला. आता पळतो.

रंग कशाला? आपल्या पांढऱ्या पेशी शत्रूवर प्राणवायूची जहाल रसायनं फेकतात. मेलॅनिन ती शोषून घेतं. एक्सोफियाला नावाच्या बुरशीची रंग न बनवणारी वाणं उंदरांत तितकी जोर धरत नाहीत. म्हणजे रंग शोभेचा नाही. उन्हापासून बचाव होतो तो वेगळाच. चेर्नोबिलच्या फुटलेल्या अणुभट्टीच्या भिंतींवरही काळ्या बुरशी वाढलेल्या सापडल्या. त्यांच्यापुढे आपली पांढरी पेशी म्हणजे काय!

सगळ्याच पायावर थांबत नाहीत. क्लॅडोफियालोफोरा बँटियाना मेंदूत गळू करते, धडधाकट माणसालाही. कर्व्ह्युलारिया गव्हाच्या मळणीत डोळ्याला कुसळ लागलं की बुबुळावर बसते. २०१२ मध्ये अमेरिकेत पाठीत द्यायच्या दूषित स्टेरॉइड इंजेक्शनांतून एक्ससेरोहायलम गेली. साडेसातशेहून जास्त आजारी, साठांहून जास्त मृत्यू. आणि डॉक्टर मंडळींसाठी: डाग जुना, खडबडीत, काळ्या ठिपक्यांचा असेल तर आधी ते ठिपके तपासा, लागलंच तर बायोप्सी करा. औषध इट्राकोनॅझोल, महिनोन् महिने. लहान गड्डा असेल तर पूर्ण कापून काढणं किंवा गोठवणं. जागतिक आरोग्य संघटनेने मदुरा पायाला २०१६ मध्ये आणि क्रोमोला २०१७ मध्ये दुर्लक्षित आजारांत घेतलं. खरगोनवाल्याला मात्र औषधाने वर्षभरात बरं वाटलं, आणि तो मला दर वेळी विचारायचा, "साब, अब जलाओगे तो नहीं?"

एकच प्रश्न घेतो. ताई, हो, तो कांदा. वरची काळी साल काढा, धुवा, आत डाग असेल तर तेवढा कापा आणि भजी करा.