मी मराठीच बोली ऱ्हायनू

(तालुक्याच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

वाचनालयाची सगळी ज्येष्ठ मंडळी, माझे सर, पुढे बसलेल्या मावश्या आणि मागे सतरंजीवर दाटीने बसलेले माझे कॉलेजचे दोस्त, सगळ्यांना नमस्कार.

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘आजचे सामाजिक-सांस्कृतिक प्रश्न : एका विद्यार्थ्याच्या नजरेतून’. वेळ पंचेचाळीस मिनिटं. मी सरांना तीन प्रश्न कबूल केले होते. भाषेची लाज, रखडलेली लग्नं आणि गाव सोडून चाललेली पोरं. तिघांना पंधरा-पंधरा मिनिटं, असं वहीत लिहूनही आणलंय. भाषेपासून, म्हणजे आपण खान्देशात घरी बोलतो त्या अहिराणीपासून सुरू करतो, कारण तिथे माझ्या हातून एक चूक झालेली आहे आणि ती चारचौघांत सांगायची फार दिवसांपासून इच्छा आहे.

एक रुपयात पीकविमा निघायचा, त्या वेळची गोष्ट. मी बारावीत होतो. कपाशीची पहिली वेचणी होऊन गेली होती, दुसरी तोंडावर आलेली. आमचं वावर नाल्याला लागून आहे. त्या रात्री वरच्या अंगाला, डोंगराकडे कुठेतरी जोराचा पाऊस झाला. आमच्या गावात नुसती भुरभुर. पत्र्यावर आवाजसुद्धा झाला नाही. पहाटे शेजारचे काका धावत आले आणि म्हणाले, आप्पा, वावरात चला. आम्ही गेलो तर बांध फुटलेला आणि कपाशी एका बाजूला निजवल्यासारखी पडलेली. फुटलेला कापूस गाळात गेला होता. मातीत लोळलेला कापूस तुम्ही पाहिलाय, मी काय सांगू.

तेव्हाचा विम्याचा नियम इथे सगळ्यांना पाठ आहे. असं स्थानिक नुकसान झालं की बहात्तर तासांत कळवावं लागायचं. ॲप होतं, पण वावरात रेंज कुठली? घरी येऊन आप्पांनी टोल फ्री नंबर लावला. वीस-पंचवीस मिनिटांनी पलीकडे एक ताई बोलली. आवाज गोड होता, बोलणं अदबीचं होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण गोष्ट ऐकून लोक तिच्यावर चिडतात. तिचा काही दोष नव्हता.

तिने विचारलं, “नुकसान कशामुळे झालं, सर?”

आप्पा म्हणाले, “ताई, नालानं पानी वावरमा उनं, बठ्ठी कपाशी आडी पडनी.”

“सर, आवाज नीट येत नाहीये. परत सांगाल का?”

आप्पांनी परत सांगितलं, आणखी मोठ्याने. कोणाला कळत नाही असं वाटलं की आपण आवाज वाढवतो. तिकडून थोडा वेळ काहीच नाही. मग ती म्हणाली, “सर, प्लीज मराठीत बोला ना.”

आप्पा म्हणाले, “मी मराठीच बोली ऱ्हायनू, ताई.”

हसू नका. म्हणजे हसा, मीही तेव्हा हसलो होतो. दाराच्या चौकटीला टेकून उभा होतो आणि हसलो. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी ‘नाल्याचे पाणी शेतात आले आहे’ असं बोलायचा प्रयत्न केला. धडा वाचायला उभ्या केलेल्या पोरासारखे ते एकेक शब्द ठेवून बोलत होते. माझे आप्पा! ज्यांचं बोलणं ऐकायला पारावर माणसं थांबतात, भावाभावांच्या बांधाच्या भांडणात ज्यांना दोन्हीकडून बोलावणं येतं, ते माझे आप्पा. तिसऱ्या वाक्याला अडकले आणि फोन माझ्या हातात देऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

माझं चार मिनिटांत उरकलं. गट नंबर, बँकेचं नाव, पेरणीची तारीख. “कारण?” मी म्हणालो, “मॅडम, जास्त पाऊस झाला, त्यामुळे पीक गेलं.” तक्रार नंबर मिळाला. मला काय भारी वाटलं म्हणून सांगू! घरातलं पहिलं माणूस मी, ज्याचं म्हणणं त्या फोनला एका दमात कळलं.

बारा-तेरा दिवसांनी पाहणीला माणूस आला. त्याच्या कागदावर कारण होतं, पाऊस. पाऊस मोजायचं यंत्र महसूल मंडळाच्या गावी असतं आणि त्या रात्री तिथे म्हणावा असा पाऊसच नव्हता. आप्पांनी त्याला फुटलेला बांध दाखवला. झाडांच्या बुडाशी बसलेला गाळ हाताने उकरून दाखवला. तो म्हणाला, “काका, मला दिसतंय. पण कागदावर पाऊस आहे, नाला नाही.”

पैसे आले नाहीत. त्या एका शब्दापायीच आले नाहीत, असं मी छातीठोक म्हणणार नाही. आमच्या शिवारात इतरही काही जणांचे आले नाहीत. पण आप्पांनी पहिल्याच वाक्यात ‘नाला’ म्हटलं होतं. तो मी गाळला. मला घाई होती ती आमचं बोलणं साफसूफ करून तिच्यापुढे ठेवायची, आणि त्या साफसफाईत जे खरं घडलं होतं तेच निघून गेलं.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे. त्या दिवसापासून आप्पा बाहेरचा फोन घेत नाहीत. बँकेचा असो, महावितरणचा असो, खताच्या कंपनीचा असो, फोन वाजला की ते मला हाक मारतात आणि मोबाईल पुढे करतात. कधी एका शब्दाने काही बोलले नाहीत. मी कॉलेजला असलो तर फोन वाजून वाजून बंद होतो.

आता माझा मुद्दा. माझ्या डोक्यात दोन वर्षांपासून घोळतोय. अहिराणी मरत चालली असं लोक म्हणतात, मला ते पटत नाही. मोबाईल उघडा. अहिराणी गाणी आहेत, अहिराणी कॉमेडी आहे, आणि बघणाऱ्यांना तोटा नाही. हळदीला डीजेवर अहिराणी गाणं लागलं की पुण्याहून आलेला आयटीवाला मामाही रुमाल काढून नाचतो. नाचायला आणि हसायला आपण ती मोकळी सोडली आहे. पण माणसाला राग आला की तो कुठली भाषा बोलतो? अर्ज लिहायचा असतो, तक्रार सांगायची असते, पोरीला ‘तू मला आवडतेस’ म्हणायचं असतं, तेव्हा? तेव्हा आपण कपडे बदलल्यासारखी भाषा बदलतो. इथल्या किती पोरांनी अहिराणीत प्रेमाचा मेसेज पाठवलाय? मागे हसू येतंय, हात मात्र एकही वर येत नाही. माझाही नाही.

आणि ही भाषा अशी नव्हती हो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात. त्या झोक्यावर आमच्या आज्या काय म्हणायच्या? सासूने काय केलं, नणंद कशी वागली, बापाने कुठे दिलं. सगळी तक्रारच. वर्षभराचं साचलेलं बाईने भर आंब्याखाली मोठ्याने म्हणायचं आणि चार जणींनी तिला साथ द्यायची. कानबाईच्या रात्रीच्या जागरणातही तेच. देवीच्या गाण्यात घरातलं दुखणं यायचं. पुढे बसलेल्या मावश्या मान हलवताहेत, म्हणजे मी बरोबर बोलतोय. दुःख सांगायची, हिशेब मागायची ही भाषा होती. आपण तिला लग्नाच्या वरातीत नेऊन उभी केली.

बहिणाबाईंचं नाव इथे येणारच. माझ्या लेवा मित्रांनी आधीच बजावून ठेवलंय की त्यांची बोली लेवा गणबोली, अहिराणी नव्हे. कबूल आहे, ती वेगळी आहे आणि वेगळीच म्हणावी. पण गोष्ट आपल्या सगळ्यांची आहे. असोद्याची ही बाई, लिहिता-वाचता येत नव्हतं. घरात आणि वावरात काम करता करता बोलली ते पोराने, सोपानदेवांनी, आणि नातलगांनी टिपून घेतलं. १९५१ मध्ये त्या गेल्या, १९५२ मध्ये पुस्तक आलं. त्याच १९५२ मध्ये अमळनेरला साहित्य संमेलन झालं होतं, आणि २०२४ मध्ये तिथेच परत झालं. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचं नाव दिलं. मला त्याचा खरंच अभिमान आहे. मात्र त्या नावाची पाटी असलेल्या परीक्षेला तोंडी द्यायला जाताना माझी मैत्रीण आरशापुढे उभी राहून ‘डोया’चा ‘डोळा’ घोकते. ती चुकेल या भीतीने उत्तरच विसरते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

अजून एक आठवण, मग पुढे जातो. नंदुरबारला गेलात तर शिरीषकुमारांच्या स्मारकापाशी जाताच तुम्ही. ९ सप्टेंबर १९४२. हातात तिरंगा, शाळकरी वय, समोर इंग्रज सरकारच्या पोलिसांच्या बंदुका. त्या पोराच्या तोंडी घोषणा कुठली होती? ‘नहीं नमशे’, म्हणजे झुकणार नाही. गुजराती, त्याच्या घरची भाषा. मरणाच्या समोर उभं राहून बोलायला त्याला दुसऱ्याची भाषा घ्यावी लागली नाही. आणि तिथल्या मराठी, अहिराणी बोलणाऱ्या माणसांपैकी कोणी त्याला, आधी शुद्ध बोल, असं म्हटलं नाही.

नंदुरबारचं नाव घेतलं म्हणून एक कबुली आणखी द्यायला हवी. आमच्या होस्टेलला धडगावकडचा एक पावरा आदिवासी मित्र होता. घरी पावरी, आश्रमशाळेत मराठी, कॉलेजात इंग्रजी, आणि खोलीत आम्ही अहिराणीवाले. तो फोनवर आईशी बोलायला लागला की आम्ही त्याच्या बोलण्याची नक्कल करायचो. आम्ही! ज्यांच्यावर पुण्यात हसतात, ते आम्ही. पहिल्या वर्षानंतर तो फोन घेऊन गच्चीवर जायला लागला, थंडीतसुद्धा. आप्पा ओट्यावर जाऊन बसले तसाच.

जनगणनेत अहिराणी ‘खान्देशी’ या नावाखाली मोजली जाते. २००१ मध्ये देशात वीस लाखांहून जास्त लोकांची मातृभाषा त्या नावाखाली नोंदली गेली, २०११ मध्ये साडेअठरा लाखांच्या आसपास. दहा वर्षांत माणसं वाढली आणि बोलणारे कमी झाले. अहिराणी भाषा आहे की बोली, हा वाद जुना आहे. भाषातज्ज्ञ ग्रिअर्सनने भारतातल्या भाषांच्या आपल्या सर्वेक्षणात, १९०७ च्या खंडात, खान्देशीला भिल्ल भाषांबरोबर बसवलं तेव्हापासून चालू आहे. तो विद्वानांनी सोडवावा. मला एवढंच वाटतं की मोजणारा दारात आला तेव्हा आपल्यातल्या पुष्कळांनी ओशाळून ‘मराठी’ सांगितलं असणार.

सरांची चिठ्ठी आली. सात मिनिटं उरली आहेत म्हणे. आणि माझे दोन विषय अजून वहीतच आहेत! माफ करा, भरभर सांगतो.

लग्नं. शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळत नाही, हे प्रत्येक पारावर बोललं जातं आणि दर वेळी शेवट होतो ‘पोरींना आता फ्लॅट पाहिजे’ यावर. मी माझ्या वर्गातल्या मुलींना विचारलं. एकीने मला सांगितलं, “शेतकरी चालेल. पण पहाटे उठून दहा माणसांचा स्वयंपाक, मग निंदणी, मग संध्याकाळी परत चूल, आणि सातबाऱ्यावर माझं नाव नाही. हे चालणार नाही.” यात फ्लॅट कुठे आला? सातबाऱ्यावर सुनेचं नाव लावायची तयारी असलेलं एक तरी घर बैठकीत तसं बोलून दाखवतं का? मुलगी पाहायला गेल्यावर तिला स्वयंपाकाचं विचारतात. घरात तुझं काय चालेल, हे तिच्या तोंडून कोणी ऐकून घेत नाही. लग्नाच्या खर्चाचं, डीजेचं, हुंड्याला ‘मानपान’ म्हणण्याचं लिहून आणलं होतं, ते राहू द्या.

गाव सोडणं. सुरतला कामाला जाणारे आपल्याकडे पिढ्यांपासून आहेत, पुणे आता वाढलं. जाऊ नये असं मी म्हणणार नाही, मीही कदाचित जाईन. पण गेलेला पोरगा पहिली गोष्ट सोडतो ती बोलण्याची ढब, आणि दिवाळीला आला की आईशी पाहुण्यासारखं बोलतो. मग त्याच्या लेकराला आजीचं बोलणं कळतच नाही. इथल्या दवाखान्यात, बँकेत, विम्याच्या फोनवर आपली बोली कळणारा माणूस असावा ही मागणी कोण करणार? ती करू शकणारी शिकलेली पोरं बाहेर आहेत. आम्ही कॉलेजमधले सहा जण मिळून तालुक्याच्या कृषी कार्यालयात एक अर्ज देतोय. हंगामात आठवड्यातून दोन दिवस तिथे बसू, तक्रार शेतकऱ्याच्या शब्दांत जशीच्या तशी लिहून घेऊ आणि तिच्याखाली मराठी लिहू. नाला म्हटला तर नालाच लिहू. ज्यांना यायचंय त्यांनी नंतर मला भेटा.

नव्या शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, निदान पाचवीपर्यंत शक्य तिथे घरच्या भाषेत शिकवावं असं लिहिलंय. झेडपीच्या शाळांतले गुरुजी इथे आहेत, त्यांच्याशी मला सविस्तर बोलायचं होतं. आज नाही जमणार. आणि २०२७ च्या जनगणनेत मोजणारा मातृभाषा विचारेल तेव्हा घरात जे बोलता ते नाव सांगा. अहिराणी असेल तर अहिराणी, पावरी असेल तर पावरी, लेवा असेल तर तसं. तो काय लिहितो तेही वाकून बघा.

दोन मिनिटं आहेत, ती प्रश्नांना देतो. माइक पुढून नको, मागच्या रांगेपासून फिरवा. तिथे माझे आप्पा बसले आहेत आणि त्यांच्या शेजारी आमच्या गावची पाच-सहा माणसं आहेत. विचारताना जसं तोंडात येईल तसं विचारा. कोणाला कळलं नाही तर त्याने परत विचारावं.

बोला आप्पा, माइक तुमना हातमा शे.