ग्रीन कार्डवरच्या आई-बाबांना मेडिकेअर पार्ट डी मिळतो का?

नमस्कार मंडळी. अमेरिकेत मुलांकडे कायमचे राहायला आलेले कितीतरी आई-बाबा बीपीच्या, शुगरच्या गोळ्या अजूनही भारतातूनच मागवतात. मग ‘आम्हाला पार्ट डी कशाला?’ असं म्हणून विषय सोडून देतात. तसं करू नका. का ते सांगते.

मेडिकेअर म्हणजे मुख्यतः ६५ आणि त्यावरच्या वयाच्या लोकांसाठीचा अमेरिकेचा सरकारी आरोग्य विमा. पार्ट डी म्हणजे त्यातला औषधांचा विमा, २००६पासून सुरू असलेला. मेडिकेअरचा पार्ट ए (हॉस्पिटलचा विमा) किंवा पार्ट बी (डॉक्टरांच्या उपचारांचा विमा), यांपैकी एक तुमच्याकडे आहे आणि पार्ट डीचा जो प्लॅन घ्यायचा, तो जिथे मिळतो त्या भागात तुम्ही राहता, एवढं पुरतं. आधीपासून डायबेटिस आहे म्हणून कुणी नाकारू शकत नाही.

अडतं ते ए-बी मिळण्यापाशी. आई-बाबा दोघांनीही इथे कधी नोकरी केली नसेल, तर वय ६५ आणि ग्रीन कार्डावर इथे सलग पाच वर्षं वास्तव्य लागतं. मग हप्ता भरून पार्ट बी घेता येतो. मुलाने इतकी वर्षं भरलेला मेडिकेअर टॅक्स त्यांच्या नावावर धरत नाहीत. व्हिजिटर व्हिसावर तर प्रश्नच नाही.

आता दंडाचं बघा. पात्र झाल्यावर नाव नोंदवायला सात महिने मिळतात. ते संपल्यावर सलग ६३ दिवस किंवा जास्त काळ औषधांचा मान्य विमा नसेल, तर दंड लागतो. बॅगेतून आणलेल्या गोळ्या विमा ठरत नाहीत! विम्याविना गेलेल्या प्रत्येक पूर्ण महिन्यामागे राष्ट्रीय मूळ हप्त्याचा (सरकारने दरवर्षी ठरवलेल्या पार्ट डीच्या मासिक हप्त्याच्या आकड्याचा) एक टक्का. २०२५मध्ये तो हप्ता ३६.७८ डॉलर होता. वीस महिने गेले असतील, तर महिन्याला सुमारे ७.४० डॉलर जादा. आकडा छोटा वाटेल, पण पार्ट डी असेपर्यंत तो भरत राहायचा, आणि मूळ हप्ता वाढला की तोही वाढतो.

पात्र होण्याआधीचे महिने मात्र यात मोजत नाहीत.

नोकरीच्या विम्यातून औषधं मिळत असतील, तर तो विमा ‘क्रेडिटेबल’, म्हणजे वर म्हटलेला मान्य विमा, आहे का, हे सांगणारं पत्र दरवर्षी येतं. ते फाइलला लावा, पुढे पुरावा म्हणून तेच मागतात.

उत्पन्न कमी असेल, तर सोशल सिक्युरिटीच्या सरकारी ऑफिसकडे ‘एक्स्ट्रा हेल्प’साठी, म्हणजे पार्ट डीच्या खर्चातल्या मदतीसाठी, अर्ज करा. ती मंजूर झालेल्यांना हा दंड भरावा लागत नाही. आणि प्लॅन निवडताना आई-बाबांच्या सगळ्या गोळ्यांची नावं, डोससकट, लिहून घेऊन बसा. प्रत्येक प्लॅनची औषधांची यादी वेगळी असते.