सरकारी पैसा नाटकाला नेमका कुठे लागतो

मंडळी,

कलेवर सरकारने खर्च का करावा, या प्रश्नाची आपल्याकडे ठरलेली उत्तरं आहेत: संस्कृती टिकते, वारसा जपला जातो, पोरं चांगल्या नादाला लागतात. उत्तरं खोटी नाहीत. पण त्यांच्या जोरावर नगरपालिकेच्या अर्थसंकल्पात एक रुपयाही इकडचा तिकडे होत नाही. म्हणून आज भावनेचं सगळं बाजूला ठेवून हौशी नाटकाचा हिशेब मांडतो.

राज्य नाट्य स्पर्धा घ्या. सांस्कृतिक कार्य संचालनालय ती भरवतं, 60 हून अधिक वर्षं झाली. हौशी मराठी नाटकांबरोबर बालनाट्य, संगीत नाटक, हिंदी आणि संस्कृत यांच्याही वेगळ्या स्पर्धा असतात. प्राथमिक फेरी राज्यभरच्या केंद्रांवर, साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात होते. तिथून पुढे गेलेल्या नटांची यादी तुम्हाला पाठ आहे, ती सोडून देऊ. बक्षिसांचंही सोडून देऊ, कारण वीस संघ उतरतात आणि बक्षीस दोघा-तिघांना मिळतं. या स्पर्धेने सगळ्यांना मिळतात त्या दोनच गोष्टी: एक ठरलेली तारीख आणि नाट्यगृह.

तारखेने काय होतं ते उलटं मोजत या. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात प्रयोग आहे. दोन अंकी नाटकाला हौशी संघ दहा आठवडे तालीम करतो, म्हणजे सप्टेंबरच्या मध्याला वाचन संपून मंडळी उभी राहिली पाहिजेत. मध्ये नवरात्र आणि दिवाळीचे पंधरा दिवस गेले. त्याआधी लेखकाचं परवानगीपत्र हवं आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं, प्रमाणपत्र हवं. म्हणजे जुलैअखेर संहिता हातात पाहिजे. तारीख नसती तर यातलं काहीच झालं नसतं; 'पुढच्या वर्षी करू' म्हणत दहा वर्षं निघून जातात. आणि वेळापत्रक ऐनवेळी तीन आठवडे पुढे ढकललं की काय होतं, तेही बघा. शाळेत शिकवणाऱ्या नटाला निवडणुकीची ड्यूटी लागते, कॉलेजच्या मुलीची परीक्षा येते, बँकेतल्याची बदली होते. एक नट बदलला की मागच्या तीन आठवड्यांची तालीम पुन्हा. खात्याने पारितोषिकाची रक्कम वाढवली तर बातमी होते. वेळापत्रक जूनमध्ये जाहीर करून ते पाळलं, तर बातमी होणार नाही, पण संघांचा फायदा त्यात जास्त आहे.

आता पैशाचं. 'लोकांना नाटक हवं असेल तर लोक तिकीट काढतील' हा नेहमीचा मुद्दा. आठ नट, चार तंत्रज्ञ, अशी बारा माणसं धरा. आठवड्याला पाच संध्याकाळी, तीन-तीन तास, दहा आठवडे: माणशी 150 तास, एकूण 1,800 तास. तासाला 50 रुपये, म्हणजे मोलमजुरीपेक्षाही कमी धरले, तरी 90,000 रुपये होतात. त्यात नेपथ्य, कपडे, टेम्पो, चहा काहीच नाही. 500 खुर्च्यांचं नाट्यगृह 100 रुपये तिकिटाने खचाखच भरलं तरी गल्ला 50,000. हौशी संघाला गावात एक, फार तर दोन प्रयोग मिळतात. हे गणित कुणाच्या आळशीपणाने बिघडलेलं नाही. बोमोल आणि बोवेन या अर्थतज्ज्ञांनी 1966 मध्येच दाखवून दिलं होतं की कारखान्यात यंत्र आलं की कमी माणसांत जास्त माल निघतो, पण आठ पात्रांच्या नाटकाला पन्नास वर्षांनीही आठच माणसं आणि तेवढाच वेळ लागतो. बाकीच्या जगातली मजुरी वाढत जाते, तसं नाटक सापेक्ष महाग होत जातं.

ते 90,000 मग देतं कोण? तो बँकवाला, ती कॉलेजची मुलगी, तो मास्तर. हौशी रंगभूमीचा सगळ्यात मोठा अनुदानदाता हौशी कलावंत स्वतः आहे. सरकार जे देतं ते त्याच्यावर वरचं.

हे वरचं कुठे द्यावं? माझ्या मते नाट्यगृहाच्या देखभालीत. नाट्यगृह बांधायला पैसा मिळतो, कारण त्याला कोनशिला असते. आपल्या तालुक्यांत जे उभं राहतं त्याला 'बहुउद्देशीय सभागृह' म्हणतात, आणि त्या उद्देशांत नाटक सहसा शेवटचं असतं. रंगमंचाला चकचकीत टाइल लावलेली असते. नेपथ्याचे फ्लॅट, म्हणजे चौकटीवरच्या खोट्या भिंती, उभे राहतात ते मागच्या तिरक्या टेक्याला जमिनीत खिळा मारून. टाइलमध्ये खिळा जात नाही. मग रेतीच्या गोण्या टाकायच्या, आणि दार जोरात आपटलं की सगळी भिंत हलते. फळ्यांची जमीन हवी. विंगेत दोन्ही बाजूंना निदान दहा फूट मोकळे हवेत. बहुतेक ठिकाणी तिथे जिना नाहीतर व्हीआयपी कक्ष असतो.

विजेचं तर विचारूच नका. रंगमंचाचा एक हॅलोजन 'पार' (PAR) दिवा 1,000 वॉटचा. वीस दिवे म्हणजे 20 किलोवॉट, 230 व्होल्टला सुमारे 87 अँपिअर. तीन फेजवर सारखे वाटले तर प्रत्येकी 29. पण सभागृहाचं वायरिंग पंखे आणि ट्यूबलाइटच्या हिशेबाने केलेलं, मंचावर एकच फेज आणलेली. दुसऱ्या अंकात सगळे दिवे एकदम वर गेले की एमसीबी, म्हणजे भार वाढला की वीज तोडणारा खटका, पडतो. ध्वनियंत्रणा डिमरच्याच (दिवे कमी-जास्त करणाऱ्या यंत्राच्या) फेजवर असेल तर दिवे अर्ध्यावर आणताच स्पीकरमधून गुणगुण सुरू होते. यावर उपाय म्हणून हल्ली एलईडी घेतात. भार पाचवा हिस्सा होतो, चांगलंच आहे. पण ते जुन्या डिमरच्या लायनीवर जोडतात आणि वर्षभरात जळतात. एलईडीला सरळ, न मंदावणारी वीज लागते आणि नियंत्रणासाठी वेगळी डीएमएक्स केबल, म्हणजे दिव्यांना हुकूम पोचवणारी तार. निविदेत दिव्यांची संख्या लिहिलेली असते, केबल लिहिलेली नसते.

आवाजाचं थोडक्यात सांगतो. बोलक्या नाटकाला सभागृहातला घुमारा साधारण एका सेकंदात विरायला हवा. टाइल, काच आणि पीओपीच्या हॉलमध्ये तो दुप्पट टिकतो आणि वाक्यावर वाक्य चढतं. सगळ्या भिंतींना आवाज शोषणारं अस्तर लावायला पैसे नसतील तर आधी मागची भिंत घ्या, मंचाकडे परत येणारा आवाज तिथूनच येतो.

कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह शाहू महाराजांनी बांधलं, 1915 मध्ये ते सुरू झालं. शेजारी खासबागेचं कुस्तीचं मैदान. म्हणजे नाटक आणि कुस्ती दोन्हींसाठी संस्थानाच्या पैशातून शेजारी-शेजारी जागा. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते नाट्यगृह आगीत गेलं. दुसऱ्या दिवशी, ज्यांचं नाव त्याला आहे त्या गायक-नट केशवरावांची जयंती होती. पुन्हा उभारणीचे पैसे लगेच जाहीर झाले, ते व्हायलाच हवे होते. पण तुमच्या गावच्या नाट्यगृहात पडदे अग्निरोधक आहेत का आणि मंचावरच्या आगबंबाची मुदत कधी संपली, हे आज कुणी उठून पाहिलं तर त्याला खर्चही फारसा नाही.

सगळ्याच लोकनाट्याला सरकार हवं, असंही नाही. झाडीपट्टी बघा. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या भागात धान घरात आलं की दिवाळीनंतर नाटकं सुरू होतात. वडशाला कंपन्यांची कार्यालयं, गावचं मंडळ कंपनीशी सौदा करतं, तिकीट लावतं, रात्रभर मंडप भरतो. तिथे गावाकडे हंगामाचा पैसा असतो आणि कंपनीला सलग प्रयोग मिळतात, म्हणून गणित बसतं. तिथे निर्मितीला अनुदान देऊन काही साधणार नाही. रात्री-अपरात्री टेम्पोतून फिरणाऱ्या कलावंतांचा अपघात विमा उतरवला तर उपयोग होईल.

अनुदान घेणाऱ्या संस्थांना एक सांगतो. पैसे अडतात ते बहुतेक वेळा उपयोगिता प्रमाणपत्रावर, म्हणजे अनुदान ठरल्या कामावरच खर्च झालं या दाखल्यावर. बिल संस्थेच्या नावाने नसून सेक्रेटरीच्या नावाने असतं, बिलाची तारीख मंजुरीच्या आधीची असते, मंडपवाल्याला रोख दिलेले असतात. पहिल्या खरेदीच्या आधी संस्थेच्या खात्याचं चेकबुक आणि एक फाइल कोषाध्यक्षाच्या हातात द्या. मार्चमध्ये बिलं गोळा करायला निघालात की डिमरवाला फोन उचलत नाही.

आणि इथे बसलेल्या नगरसेवकांना दुरुस्तीच्या वेळेबद्दल. छपराचं काम एप्रिल-मेमध्ये काढा, पावसात ते होत नाही. वायरिंग, दिवे, जमीन ही आतली कामं जून ते ऑगस्टमध्ये, तेव्हा प्रयोग कमी असतात. निविदा निघायला तीन महिने लागतात हे धरून फाइल जानेवारीत हलली पाहिजे. ती जुलैत हलली की ऑक्टोबरात नाट्यगृहाला कुलूप लागतं, आणि तुमच्या गावचं स्पर्धेचं केंद्र त्या वर्षी दुसऱ्या शहरात जातं.