नजरेला नजर

श्रोतेहो, नमस्कार.

आज एका चित्राविषयी बोलायचंय, आणि तेही रेडिओवर! तेव्हा थोडं काम तुम्हालाच करावं लागेल. डोळ्यांसमोर आणा: बायकांचं एक गुळगुळीत फॅशन मासिक. मुखपृष्ठावर एक तरुणी. कपडे, दागिने सगळं नंतर. आधी सांगा, ती बघतेय कुठं?

तुमच्याकडे. फोटो काढताना ती थेट कॅमेऱ्याच्या भिंगात बघत होती, म्हणून आता जो समोर उभा राहील त्याच्या डोळ्यांत बघते. डावीकडे सरका, उजवीकडे सरका, नजर सुटत नाही. स्टॉलवर पन्नास मासिकं मांडलेली असतात आणि आपण घाईत असतो. पण कुणी आपल्याकडे टक लावून बघतंय असं वाटलं की मान आपोआप वळते. अर्धी विक्री इथंच झाली, असं मला वाटतं.

गंमत म्हणजे ही बाई काही बोलत नाही. बोलतात तिच्याभोवतीच्या ओळी. ठळक मथळे बहुतेकदा डाव्या बाजूला असतात, कारण स्टॉलवर मासिकं एकावर एक सरकवून ठेवली की अनेकदा तेवढीच पट्टी उघडी राहते. मासिकाचं नाव मात्र खुशाल तिच्या डोक्यामागे लपतं. दोन अक्षरं झाकली तरी ओळखणारे ओळखतातच, हा जुन्या मासिकांचा तोरा. नव्यानं तसं करून बघावं!

आता त्या ओळींची भाषा ऐका. इंग्रजीत एकच ‘यू’ असतो. मराठीत आणायचा तर तो ‘तुम्ही’ होणार नाही, ‘तू’च होईल. शिकवणाऱ्या बाईंचा नव्हे, थोड्या मोठ्या, जग बघितलेल्या मैत्रिणीचा ‘तू’. लाखभर प्रती छापल्या तरी प्रत्येकीला वाटावं की हे माझ्याच कानात सांगितलंय. आणि सांगितलंय काय? ‘या ७ चुका तूही करतेस का?’ हे वाचायच्या आधी तुम्ही एकही चूक करत नव्हता. प्रश्नचिन्हापर्यंत पोहोचेतो सात झाल्या! उपाय आत, अमुक पानावर. दुखणं आणि औषध एकाच दुकानात. त्यात आकडा असला की काम फत्ते, कारण आकड्याला शेवट असतो. ‘सुंदर व्हा’ म्हटलं तर डोंगर. ‘१५ मिनिटांत’ म्हटलं की जमेलसं वाटतं.

या ओळी लिहिणं हे कसबाचं काम. १९६५ साली हेलन गर्ली ब्राउन अमेरिकेतल्या ‘कॉस्मोपॉलिटन’ची संपादक झाली. तिच्या मुखपृष्ठावरच्या ओळी बरीच वर्षं तिचा नवरा, चित्रपट निर्माता डेव्हिड ब्राउन, लिहून द्यायचा. बायकांच्या कानातली ती मैत्रीण चक्क एक पुरुष होता. मला याचं अजून हसू येतं.

चित्राचे नियमही कायमचे नाहीत. ‘व्होग’ या फॅशन मासिकावर आधी रेखाटनं असायची, रंगीत छायाचित्र पहिल्यांदा आलं जुलै १९३२ मध्ये, एडवर्ड स्टायकेननं टिपलेलं. जानेवारी १९५० च्या अंकात छायाचित्रकार अर्विन ब्लुमेनफेल्डनं चेहराच पुसून टाकला. उरला एक डोळा, वर भुवई, लाल ओठ आणि एक तीळ. नाक नाही, गाल नाहीत. तरी बाई पूर्ण दिसते! रिकामी जागा बघणारी भरून काढते, आणि भरताना स्वतःचं थोडं काहीतरी तिथं ठेवत असावी.

मग नोव्हेंबर १९८८. संपादक म्हणून ॲना विंटूरचा अमेरिकन ‘व्होग’मधला पहिला अंक. मॉडेल मिकाएला बेर्कू रस्त्यावर उभी, अंगात रत्नजडित क्रॉसचं महागडं जॅकेट आणि खाली साधी जीन्स. केस उडताहेत, डोळे जवळजवळ मिटलेले, आणि ती तुमच्याकडे बघतच नाही. छापखान्यातून फोन आला म्हणे, ‘काही चूक तर झाली नाही ना?’ खरं तर जॅकेटला जोडीचा स्कर्ट होता, तो तिला नीट बसला नाही. पण बघणारीला वाटलं, ही कुणासाठी नटून उभी नाही, आपल्याच नादात चाललीय. टक लावणाऱ्या बायकांच्या रांगेत न बघणारीच उठून दिसली.

जाता जाता एक काम सांगतो. असं मासिक हाती आलं तर आतली बारीक अक्षरातली ओळ शोधा, मुखपृष्ठावरचा पेहराव कुणाचा, लिपस्टिक कुठली, हे सांगणारी. त्यात कधीकधी अत्तराचंही नाव असतं. छायाचित्रातल्या बाईनं लावलेलं अत्तर! मी निदान रेडिओवर चित्र दाखवतोय. ते कागदावर वास दाखवतात.

नमस्कार.